तीन दिवस नुसत्या बाटल्यांवर

हडपसर, ए विंग, चौथा मजला
(तुझ्या गॅलरीच्या बरोबर समोर)
गुरुवार

चि. सौ. मथुराला तिच्या थोरल्या जावेचा, म्हणजे माझा, कांताबाईचा, दोन्ही हातांनी आशीर्वाद. तिकडे सगळे खुशाल असाल असं धरून चालते. धरून कशाला, दिसतंच आहे. तुझा गुडघा गेल्या आठवड्यापेक्षा बरा आहे, कारण काल कपडे वाळत घालताना तू मधे स्टुलावर बसली नाहीस. रामदास भाऊजींचा खोकला मात्र अजून गेलेला नाही. पहाटे साडेपाचला तो इकडे स्वच्छ ऐकू येतो आणि आमचे हे कूस बदलून म्हणतात, "कोण खोकतंय कोण जाणे." सख्ख्या भावाचा खोकला सत्तर वर्षं ऐकलेला माणूस. अडुळशाचा काढा दे त्यांना, मध घालून. आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी तर फारच बरी आहे, आणि इतकी बरी का आहे ते सांगायलाच हे पत्र.

समोरासमोर राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर आहे. पण हाक मारायची नाही हा आमच्या घरातला सहा वर्षांचा नियम, तुला माहीत आहेच. हाक नाही, फोन नाही, मोबाईलवर आवाज भरून पाठवायचा नाही. पत्राबद्दल मात्र यांनी काही नियम केलेला नव्हता. मला अक्षरओळख नाही, मग मी पत्र कुठून पाठवणार, या भरवशावर हे राहिले. आता तू सातवी शिकलेली, तेव्हा अक्षर ओळखलं असशीलच. होय, यांचंच. मी सांगते आहे आणि हे लिहीत आहेत, एकही वाक्य न गाळता, कारण तसं ठरलेलं आहे. मधे मधे पेन गोल फिरवतात, त्याला कंस म्हणतात म्हणे. त्यात स्वतःचं काहीतरी घालतात असा मला संशय आहे. घालू देत. (बाईसाहेब सांगतील तेच लिहीत आहे. – लेखनिक)

आता सहा वर्षांपूर्वीचं थोडं उगाळते. तुला नवं नाही, पण यांच्या हातून एकदा लिहून निघू दे. तुमच्या अभयचं लग्न, लॉन्सवरचा मांडव, फेटे बांधणारा फेटे बांधत आला आणि यांच्या अलीकडे येऊन त्याचे फेटे संपले. शेवटचा फेटा गेला एका बाहेरच्या पाहुण्याच्या, बिल्डरच्या डोक्यावर. भाऊजी म्हणाले, थोरला घरचाच आहे, त्याला नंतर बांधू. बोलणारा प्रेमाने बोलला, ऐकणाऱ्याने मनाला लावून घेतलं. हे तसेच उठले आणि पंगत बसायच्या आत चालू लागले, मी मागून चपला शोधत. आयुष्यात हा माणूस एकदाच उपाशी उठला, आणि तो तुमच्या मांडवातून. एरवी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन वर 'आता जेवायला काय' असं विचारणारा. (खिचडी हे जेवण नव्हे, असं माझं मत आजही आहे. – लेखनिक) भांडण दोघा भावांचं आणि तोंडं शिवली गेली आपली. तू आणि मी भाजीवाल्या दुर्गाबाईशी मोठमोठ्याने बोलून एकमेकींना बातम्या कळवतो, त्याला सहा वर्षं झाली. बिचारीला वाटत असेल, या दोन म्हाताऱ्यांना माझ्यावाचून जगात कोणी नाही.

तर मूळ गोष्ट. आमच्या ऋषीच्या बायकोने, ऋतुजाने, फोनवरून काहीतरी मागवलं. तीन दिवस काही खायचं नाही, नुसतं प्यायचं, म्हणजे पोटातली सगळी घाण निघून जाते आणि माणूस आतून लख्ख होतो. मी म्हटलं, पोरी, तुझ्या पोटात घाण जायला वेळ तरी कधी मिळतो, सारखी तर कॉम्प्युटरसमोर असतेस. हे एकट्याने करायचं नसतं, जोडीदार लागतो. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. म्हणून तिने दोघांसाठी मागवलं, स्वतःला आणि ऋषीला. पण बाटल्या यायच्या आदल्याच दिवशी ऋषीला ऑफिसचं बंगळूरचं काम निघालं. ते खरंच निघालं की त्याने काढलं, ते मी विचारलेलं नाही. ऋतुजा म्हणाली, जोडीदाराशिवाय मी करणार नाही, आणि आता ते परतही घेत नाहीत. तेवढ्यात आमचे हे पेपरातून मान वर काढून म्हणाले, "तीन दिवस पिऊन राहायचं त्यात एवढं काय? आम्ही अख्खा दुष्काळ काढलाय." झालं. पोरीने दोन्ही वाट्यांच्या बाटल्या आमच्या दोघांच्या नावावर केल्या. आधी खालच्या डॉक्टरांना दाखवून आली, दोघांच्या गोळ्या त्यांना सांगितल्या. ते म्हणाले, करू द्या, चक्कर आली तर थांबा. यांना चक्कर पहिल्या बाटलीच्या आधीच यायला लागली होती, पण बोललेलं मागे घ्यायचं नाही हा या घराण्याचा बाणा, तो तू चांगला ओळखतेस. तुमच्याही घरात त्याचा एक नमुना आहे.

मी म्हटलं, नुसतं कशाला, पैज लावू. जो आधी मोडेल त्याने दुसऱ्याचं एक ऐकायचं. यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, "तू हरलीस तर समोरच्या घराचं नाव माझ्यापुढे पुन्हा काढायचं नाही. कधीच." मथुरा, मी पन्नास वर्षं उपास करत आले. नवरात्रात नऊ दिवस दुधावर राहून वर दोन वेळचा स्वयंपाक केलाय, पण त्या वेळी खरं सांगते, घाबरले. कारण अधूनमधून तुमचं नाव निघतं म्हणून तर ते दार अजून पूर्ण बंद झालेलं नाही. मी नाव काढते, हे चिडतात, दोन दिवस धुसफुसतात, म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे एवढं कळतं. तेच थांबलं तर मग झालंच. मी म्हटलं बरं. आणि तुम्ही हरलात तर मी सांगेन तसं एक पत्र लिहून द्यायचं, अक्षरन् अक्षर. हे हसले. त्यांना वाटलं माझ्या सासवडच्या भावाला असेल. कोणाला ते विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर देण्याची मला सवय नाही. (यापुढे मी प्रत्येक गोष्ट आधी विचारणार आहे. – लेखनिक)

रविवारी सकाळी निळी पिशवी आली, आत बर्फ आणि बारा बाटल्या, सहा माझ्या, सहा यांच्या. रोज अशाच यायच्या. प्रत्येकीवर आकडा. आकडे मला येतात, बसचे नंबर बघून बघून शिकले. पहिली लिंबू-आल्याची, ती बरी. दुसरी हिरवी. यांनी झाकण उघडून वास घेतला आणि बाटली उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "पालक, दुधी, कोथिंबीर. चाळीस वर्षं मार्केट यार्डात पालकाच्या जुड्या उतरवल्या. कधीतरी पिईन असं वाटलं नव्हतं." तिसरी बीटाची, चौथी गाजराची, पाचवी पुन्हा ती हिरवी – हे लोक किती दुष्ट असतात बघ, एकदा माफ केलं म्हणून पुन्हा तीच – आणि संध्याकाळी सहावी, बदामाचं दूध. त्या सहावीच्या आशेवर हे दिवसभर जगायचे. दुपारी तीनपासून फ्रीजचं दार उघडून तिला बघून यायचे.

पहिला दिवस ताठ्यात गेला. दुसऱ्या दिवशी ताठा उतरला आणि कायदा सुरू झाला. ऋतुजा घरूनच काम करते, तिच्या टेबलाशी जाऊन उभे. आमटीचं वरचं पाणी चालेल का? नाही आबा. पिठलं खूप पातळ केलं तर? नाही आबा. शेवयांची खीर, शेवया काढून? पोरीने कानातलं यंत्र काढलं, कागद वाचला आणि म्हणाली, "जे चावावं लागतं ते नाही, आणि जे त्यांच्या बाटलीतून आलं नाही तेही नाही." मग हे म्हणाले, "चहा?" तर म्हणाली, तो तर मुळीच नाही. हा घाव खरा मला बसला. खिचडी, भाकरी, वांगं, सगळ्यावाचून मी राहू शकते, पण दुपारचा चार वाजताचा चहा नसला की माझ्या कपाळात कोणीतरी वरवंटा फिरवतं. आता चहाही पातळच की. पण म्हटलं, पैज ती पैज. चूळ भरली, कपाळाला सुंठ लावली आणि राहिले. (या बाबतीत मी काही लिहीत नाही. – लेखनिक)

एकमेकांवर नजर ठेवायची म्हटल्यावर आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर बसून. पंचावन्न वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याकडे इतका वेळ बघत बसला नव्हता. मी उठले की हे उठायचे. हे खाली 'वारा घ्यायला' निघाले की मी चपला घालायचे, कारण वारा नेमका वडापावच्या गाडीपाशीच चांगला सुटतो. बोलायला विषय संपले, तेव्हा जेवणावर बोललो. कोणाच्या लग्नात काय होतं, कोणाच्या बारशाला जिलबी कशी होती. आणि मथुरा, सोमवारी संध्याकाळी सहावी बाटली संपल्यावर हे रिकाम्या बाटलीकडे बघत म्हणाले, "अभयच्या लग्नातला मसालेभात कसा होता, कोणी सांगितलं का गं तुला कधी?" मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा चिडले असते. पण मला कळलं की हा माणूस सहा वर्षं फेट्यासाठी जेवढा झुरला नाही, तेवढा त्या पंगतीसाठी झुरलाय. (हे वाक्य गाळू का, असं विचारलं. नाही म्हणाली. – लेखनिक)

मंगळवार, शेवटचा दिवस. दोन बाटल्या रिचवून झाल्या होत्या, अजून चार पार पडल्या की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे कोणीच हरलं नाही, म्हणजे मला पत्रही नाही. माझा जीव वरखाली. अकरा वाजता दोन विंगच्या मधे दुर्गाबाईची हातगाडी लागली. हे खाली बाकावर बसलेले, मी गॅलरीत. तू आलीस. पुढचं तुला माहीत आहे, पण यांच्या हातून लिहून घेण्यात मजा वेगळी आहे. तू गाडीवरची काकडी उचललीस आणि म्हणालीस, "दुर्गाबाई, या काकड्या कडू निघणार. देठ बघ कसे आहेत." ती म्हणाली, "मथुराताई, साखर आहे साखर." तू म्हणालीस, "मला शिकवू नको, आमच्या घराण्यात भाजीचाच धंदा झाला." इथे बाकावरचा माणूस हलला. तू यांच्याशी बोलत नाहीस, हे तुझ्याशी बोलत नाहीत, पण काकडीबद्दल चुकीचं बोललेलं यांना सोसत नाही. उठले, गाडीपाशी आले आणि म्हणाले, "दुर्गाबाई, ज्यांना कळत नाही त्यांना सांग, नुसत्या देठावरून काकडी कळत नसते." तू लगेच, "दुर्गाबाई, ज्यांना कळतं त्यांना दाखवू दे की मग."

मथुरा, तू यांना यार्डात बघितलेलं नाहीस, मी डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलंय. माल उतरला की हात आपोआप जायचा. भेंडीचं टोक मोडायचं, गवार कटकन तोडायची, काकडी धोतराला पुसून देठाकडून एक घास घ्यायचा आणि मग भाव बोलायचा. चाळीस वर्षांची सवय, तिला पैज-बिज काय कळणार? काकडी उचलली, सदऱ्याला पुसली, मोडली, घास घेतला. चावला. अगदी डोळे बारीक करून सावकाश चावला. गिळला. मग दुसरा घास घेतला, खात्रीसाठी. आणि निकाल दिला, "गोड आहे. पुरंदरची आहे, कालची तोडणी." मग यांची मान हळूहळू वर आली, एकेक मजला करत, चौथ्यापर्यंत. मी हाताची घडी घालून उभी होते. मी काहीही बोलले नाही. असं न बोलण्याची संधी बाईच्या आयुष्यात एकदाच येते.

वर येऊन हे भांडले. काकडी म्हणजे सगळं पाणीच, असा मुद्दा काढला. ऋतुजाने मान न वळवता विचारलं, "आबा, चावलंत ना?" चावलं म्हणाले. "मग झालं," म्हणाली. त्या पोरीला मी परवाच माझी मोत्याची नथ दाखवली, पुढे तिलाच देणार आहे. संध्याकाळी माझी सहावी बाटली मी यांच्यासमोर पाटावर बसून, एकेक घोट करत, अर्धा तास प्यायले. यांच्यासाठी भाकरी टाकली होती, ती खाताना एकदाही वर बघितलं नाही.

आज हे लिहायला बसले. 'घाला वरती, चि. सौ. मथुरा,' असं मी म्हटलं आणि पेन थांबलं. शाई संपली म्हणाले. दुसरं पेन आणून दिलं, तेही संपलं. तिसरं ऋतुजाने आणून दिलं आणि ती समोर उभीच राहिली, तेव्हा ते चाललं. आणि बघ, कुठवर आलं. मी जिंकले, मथुरा. एकाहत्तराव्या वर्षी, एक अक्षर न येता, पालक पिऊन पत्र मिळवलं.

भाऊजींना नमस्कार. अभयला, सूनबाईला आशीर्वाद. थांबते.

तुझी थोरली जाऊ,
कांताबाई
(अंगठा माझाच. शाईची डबी नव्हती, उरलेल्या बीटाच्या रसात बुडवला.)

ता. क. एवढं सगळं लिहवलं ते एका कामासाठी. येत्या रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे जेवायला येतो, दुपारी एक वाजता. मसालेभात, वांग्याची भाजी, मठ्ठा. नवीन काही करू नकोस, त्या दिवशीचं राहिलेलंच वाढ. आणि भाऊजींना सांग, फेटा-बिटा काही काढायचा नाही, नाहीतर पुन्हा सगळ्यांना पुरेल की नाही ते बघत बसावं लागेल.

आणखी एक ता. क. तुझे उपकार मानायचे राहिले. सोमवारी सकाळी मी गॅलरीतून खाली वाकून दुर्गाबाईला मोठ्याने सांगत होते की आमची पैज लागली आहे, हे हरले तर मला पत्र मिळणार आहे, आणि काकडीला कोणी कडू म्हटलं तर यांना राहवत नाही. तू तेव्हा तुळशीला पाणी घालत होतीस, मान वर केली नाहीस. पण दुसऱ्या दिवशी पिशवी न घेता भाजीला उतरलीस, तेव्हाच मला कळलं की निरोप पोचला. (हे मला आत्ता, लिहिताना कळतं आहे. – लेखनिक) हे पेन ठेवून आत गेले होते, पाणी पिऊन परत आले. लिहीत आहेत.

शेवटचं. हे सगळं ऋतुजा मला वाचून दाखवेल, कंसासकट. मग पाकीट चिकटवायला आणि बी विंगला नेऊन द्यायला मी यांच्याकडेच देणार आहे. खाली चार बोटं कागद कोरा सोडायला सांगितला आहे. कशाला, ते मी सांगितलं नाही, आणि सगळं आधी विचारणाऱ्या माणसाने ते विचारलंही नाही.

रामदास,

वाचून दाखवून झालं. पाकीट माझ्या हातात आहे. जागा आहे म्हणून लिहितो.

तुझ्या वहिनीने सोमवारी चार वाजता ओट्याशी उभं राहून चहा घेतला. बशीतून, आवाज होऊ न देता. मी दारात होतो. पैज तिथेच संपली होती. बोललो असतो तर तुमचं नाव या घरात पुन्हा निघालं नसतं, म्हणून बोललो नाही. तिला हे सांगू नकोस.

काकडी कडू होती. मथुराला सांग, तिचं बरोबर होतं.

वर एक वाजता असं लिहिलं आहे. मी साडेअकराला येतो.

गेनबा